सव्वा तासाचं गाव

धोंडबा मला कधी आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणायचं की मधुकरराव म्हातारपणी हळवे झाले. मी सोनेगावच्या विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरला होतो आणि तो बाहेरच्या हमालांच्या टोळीचा म्होरक्या. आठवड्यातून एकदा तरी तो कोणाला ना कोणाला ठोकून काढी आणि ते निस्तरायला खुर्चीवरून उठावं लागे मला.

पहिल्यांदा पाहिलं तो प्रसंग सांगतो. संत्र्यांच्या पेट्या घेऊन आलेल्या एका ट्रकवाल्यानं त्याला आईवरून शिवी दिली. केबिनच्या खिडकीतून हात घालून धोंडबानं त्या माणसाला मानगुटीला धरून ओढलं, अर्धा आत अर्धा बाहेर लटकत ठेवला आणि त्याचं तोंड ट्रकच्या दारावर आपटलं. चार-पाचदा, धुणं आपटावं तसं. दोन दात खाली पडले. धोंडबानं ते वेचले, त्याच्याच खिशात घातले आणि म्हणाला, "घेऊन जाय बापा. अठी कचरा टाकाले मनाई आहे." मग पुन्हा पेट्या उचलायला लागला. मी धावत पोचलो तेव्हा त्यानं मला हात जोडून नमस्कार केला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी दोन पावलं लांब राहूनच बोलायचो.

अंगानं तो फार मोठा नव्हता. तरुणपणी शहरात महाल भागातल्या आखाड्यात जायचा, त्यामुळे मान अशी उरलीच नव्हती, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं. त्याच्या बापाचं वावर महायुद्धाच्या दिवसांत धावपट्टीखाली गेलं होतं. "तुमचं विमान माह्या तुरीत उतरते," असं तो मला सांगायचा, रागानं नाही, माहिती म्हणून. पुढे त्याच धावपट्टीच्या काठाला तो हमाली करायला लागला. आता यात त्याच्या रागाचं मूळ आहे असं एखादा शिकलेला माणूस म्हणेल. मी म्हणणार नाही. त्याच्या गावच्या निम्म्या लोकांची वावरं गेली आणि ते कोणाचे दात पाडत नव्हते.

घरी तरी काय वेगळं असणार. बायको रुखमाबाई, तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नसत. का वळत नाहीत हे साऱ्या सोनेगावला ठाऊक होतं. मुलगा रविंद्र शाळेत नापास झाला तेव्हा धोंडबानं त्याला दोरानं उलटा बांधून विहिरीत पाण्यापर्यंत सोडला होता. शेजाऱ्यांनी ओढून वर काढला. तो पोरगा मोठा झाला तसा हुबेहूब बापावर गेला, फक्त बापासारखं काम करणं तेवढं घेतलं नाही. धाकटी वच्छला. तिच्यावर मात्र धोंडबा हात टाकत नसे. तिनं डबा आणला की हा माणूस चक्क हलक्या आवाजात बोलायचा, आणि टोळीतले लोक एकमेकांना कोपरानं ढोसायचे.

आमच्या टोळीची अंतरं मोजायची एक तऱ्हा होती. मैल, किलोमीटर कोणी बोलत नसे. विमानाचं दार बंद झालं तिथून ते दुसऱ्या गावी उघडेपर्यंत जेवढा वेळ, तेवढं ते गाव दूर. हैद्राबाद सव्वा तास. मुंबई दोन. सावनेरला जायचं तर दोन बसा बदलाव्या लागत आणि अर्धा दिवस जाई, म्हणून सावनेर हैद्राबादहून लांब. धोंडबाची सख्खी बहीण सावनेरला दिलेली होती. तिच्याकडे का जात नाहीस म्हणून विचारलं तर म्हणायचा, "लय दूर पडते गा." स्वतः तो कशातच बसलेला नव्हता. पण रोज विमानाच्या पोटात पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी तिकडून रिकाम्या टोपल्या परत आलेल्या पाहायच्या, त्यामुळे हैद्राबाद म्हणजे गोदामाच्या पलीकडची खोली आहे अशी त्याची खात्रीच झाली होती.

सदुसष्ट साली विमानतळाच्या मोटार वर्कशॉपमध्ये केशव नावाचा फिटर होता. शहरातल्याच इंदोरा वस्तीतला, बौद्ध घरातला; छप्पन साली आईचं बोट धरून दीक्षेला गेलेला पोरगा. कमी बोलायचा, हात चांगला होता. वच्छलेचं आणि त्याचं जमलं. धोंडबा कुणबी. त्याच्या घरी तेवढं कारण पुरेसं होतं. कोणाच्याही घरी पुरलं असतं, माझ्याही. उगाच मोठेपणा कशाला घेऊ.

धोंडबाला कळलं त्या दिवशी त्यानं वच्छलेला पहिल्यांदा मारलं. एकच थप्पड. पण ती त्या हाताची थप्पड होती. पोरगी चुलीपासून दारापर्यंत गेली आणि तिच्या कानातून रक्त आलं. त्या कानानं तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. पुढच्याच आठवड्यात ती आणि केशव निघून गेले. हैद्राबादला कारखान्यात त्याला नोकरी लागली होती.

मग सुरू झालं ते तांडव. केशवच्या वर्कशॉपमधल्या मित्राला धोंडबानं गोदामात नेलं, त्याचा पंजा दाराच्या फटीत घातला आणि दार हळूहळू लोटत नेलं. रविंद्र बाजूला उभा राहून बघत होता. त्या मित्रानं सिकंदराबाद स्टेशनामागच्या वस्तीचा पत्ता सांगितला तेव्हा त्याची तीन नखं गेलेली होती. मी पोलिसांत जायला निघालो तर त्या पोरानंच माझे पाय धरले.

पत्ता मिळाल्यावर धोंडबा तडक निघेल असं सगळ्यांना वाटलं. तो निघाला नाही. रोज सकाळी यायचा आणि पेट्या चढवता चढवता सगळ्यांना ऐकू जाईल असं गरजायचा, "तिले वाटते दूर गेली. सव्वा तासाचं गाव आहे ते. जेवाले बसीन, उठीन, तेवढ्यात दोघाईले कापून परत येईन." हे तो दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत म्हणत होता. मला वाटतं तो जाणारच नव्हता. ती गर्जना म्हणजे रडणंच होतं त्याचं, त्याला दुसरं रडता येत नव्हतं. पण ज्याचा पंजा दारात गेला होता त्यानं हा निरोप इमानानं वच्छलेला पोचवला: बाप म्हणतो, सव्वा तासाचं गाव आहे. तेव्हापासून डोक्यावरून विमान गेलं की ती आतून कडी लावून घ्यायची. हे तिनं मला पुढे स्वतः सांगितलं.

आणि घरात रविंद्र होता. वीस वर्षांचा, रिकामा, बापाचा मार खाऊन खाऊन टणक झालेला. त्याला धोंडबा रोज टोचायचा. शेवटी एकदा जेवताना म्हणाला, "तुह्या अंगात माहं रक्त असतं, तर तू आतापावतर जाऊन आला असता." रविंद्र ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काउंटर उघडत होतो. हैद्राबादकडे जाणारं फॉकर विमान धावपट्टीवर उतरलेलं होतं, टोळी पेट्या लावत होती. रुखमाबाई अनवाणी धावत आली. ती विमानतळावर कधी येत नसे. सगळ्यांदेखत तिनं धोंडबाची बंडी छातीशी मुठीत धरली.

"रव्या रातच्या गाडीनं गेला," ती म्हणाली. "सत्तूर नेला. मले वाटलं तुमच्या बहिणीकडे गेला सावनेरले. आता सत्तूर पाहाले गेली तं नाही."

धोंडबानं तिचा हात झटकला नाही. ती त्याला हलवत होती आणि तो हलत होता, एवढा दणकट गडी.

"तुम्हीच पाठवला," ती म्हणाली. "तुम्हीच माहं लेकरू मारून राहिले."

मी त्याला आत घेतलं. पोलिसांना फोन लावू का विचारलं. त्यानं टेबलाची कड धरली होती. "पोलिसाले सांगतलं तं पोट्टा जन्माचा आत जाईन," तो म्हणाला. "नाही सांगतलं तं पोट्टी मरन. मधुकरराव, मले त्याच्याआधी पोचवा." रविंद्रची गाडी काझीपेठला बदलायची होती, सिकंदराबादला पोचेपर्यंत दुपार उलटणार होती. विमान तासाभरात सुटणार होतं. धोंडबाचा चेहरा एकदम सैल झाला. "सव्वा तास," तो म्हणाला. "मंग लय येळ आहे."

तिकिटाचं कसं जमवलं ते सोडा. कंपनीत आता ते विचारणारं कोणी उरलं नाही.

विमानात तो कसा बसला हे मला हवाईसुंदरीनं नंतर सांगितलं. दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरून, डोळे मिटून. पुढच्या मारवाड्यानं खुर्ची सोडा म्हटलं तर यानं डोळे न उघडता त्याचा कान धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. दोनदा ओकला. दहा वर्षं ज्याच्या पोटात पेट्या भरल्या त्याच्या पोटात स्वतः बसल्यावर त्याचे हाल झाले, आणि मला हे ऐकून बरं वाटलं होतं. पुढचं ऐकेपर्यंत.

पुढचं त्यानं मला एकदाच सांगितलं. गोदामात, पेटीवर बसून, दुसऱ्या कोणाची गोष्ट असावी तसं.

हैद्राबादच्या बेगमपेठला विमानाचं दार उघडलं आणि त्याच्या हिशोबानं तो पोचला होता. पण वच्छला काही विमानतळावर उभी नव्हती. सव्वा तासात तो फक्त धावपट्टीवर आला होता. गाव पुढेच होतं. रिक्षावाला भलत्याच वस्तीत घेऊन गेला. तिथून परत. स्टेशनामागे एक नव्हे, चार वस्त्या निघाल्या. अर्ध्या लोकांना त्याची भाषा कळेना, उरलेल्यांना त्याचा अवतार पाहून सांगावंसं वाटेना. एकाला त्यानं गचांडी धरून भिंतीला टेकवलं तेव्हा लोक जमले, आणि तिथून पळावं लागलं. तोवर ऊन कलायला लागलं. गल्ल्यांमधून पळताना त्याला स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिटी ऐकू आली. कोणती गाडी ते कळायला मार्ग नव्हता. त्याला वाटलं तीच.

म्हणून दार सापडल्यावर तो थांबला नाही. हाक मारायची, बाजूला बसायचं, पाणी मागायचं, माणसं करतात तसं काही त्याला आयुष्यात कधी जमलंच नव्हतं. त्यानं दारावर लाथ घातली. "वच्छले, दार उघड!" एकदा, दोनदा. तिसऱ्या लाथेला कडी तुटली आणि दार आत पडलं.

आता तिच्या बाजूनं बघा. दोन महिने जे व्हायचं म्हणून ती वाट पाहत होती ते दार फोडून आत आलं होतं. चुलीवर भाताचं आधण उकळत होतं. तिनं ते पातेलं पदरानं उचललं आणि बापाच्या तोंडावर मारलं.

तो किंचाळला नाही म्हणाला. मला खरं वाटत नाही, पण त्याचं म्हणणं तसं. डोळे मिटले गेले. केशव दुसऱ्या पाळीला जायला निघालेला, तो मागच्या बाजूनं धावत आला आणि त्यानं दाराचा अडसर उचलून धोंडबाच्या डोक्यात घातला. मग खांद्यावर. मग पुन्हा डोक्यात. धोंडबा गुडघ्यांवर आला. केशव सडपातळ पोरगा, त्याला एका हातानं गुंडाळून फेकून द्यायला धोंडबाला श्वासाचाही वेळ लागला नसता. त्यानं हात वर केला नाही. दोन्ही तळवे जमिनीला टेकवून तो मार खात राहिला आणि एवढंच म्हणत राहिला, "रव्या येऊन राहिला. निघा अठून. रव्या येऊन राहिला."

वच्छलेनं ऐकलं ते असं की बाप आला आहे आणि मागून भाऊही येतो आहे. तिनं केशवचा हात धरला आणि दोघं मागच्या दारानं पळाले. तिच्या पायात चप्पल नव्हती. त्या घरी ती दोघं पुन्हा कधी आली नाहीत.

शेजारपाजारचे जमले. कोणी पाणी ओतलं, कोणी त्याच्या तोंडाला खोबरेल लावलं, कोणी दोन लाथाही घातल्या. पळून गेलेल्या पोरीला मारायला आलेला बाप आहे हे सगळ्यांना समजलं होतं. मग ते आपापल्या घरी गेले, कारण तो काही करत नव्हता, नुसता उंबऱ्यावर बसून होता. एक डोळा पूर्ण मिटलेला, दुसऱ्यातून थोडं दिसत होतं.

रविंद्र बऱ्याच वेळानं आला. गाडी काझीपेठलाच रखडली होती. खांद्याला पिशवी. बापाला तिथं बघून तो आधी घाबरला, मग त्याचं तोंड पाहिलं.

"कोणी केलं हे?"

"मीच पडलो."

"त्यानं केलं. कुठी गेला तो?"

"बस माह्यापाशी."

रविंद्रनं पिशवीतून सत्तूर काढला. गल्लीच्या तोंडाशी एक बाई उभी होती, तिला तो विचारायला निघाला. ती बोट दाखवणार होती, धोंडबानं पाहिलं. त्यानं झेप घेऊन पोराचा पाय धरला आणि खाली पाडला. दोघं मातीत लोळले. रविंद्रनं सुटायला सत्तूर चालवला तो बापाच्या तळव्यात हाडापर्यंत गेला. "सोडा मले," तो ओरडत होता, "तुम्हीच म्हणले होते, तुम्हीच म्हणले होते." धोंडबानं त्याचा उजवा हात कोपराजवळ धरला, आपला गुडघा त्यावर ठेवला आणि मोडला. वाळलेला बांबू मोडावा तसा आवाज झाला, असं तो म्हणाला. मग पोराला छातीशी दाबून धरून बसला. पोरगा विव्हळत होता आणि हा त्याच्या तोंडावर तळवा ठेवून होता, त्या तळव्याचं रक्त पोराच्या तोंडात जात होतं.

दवाखान्यात दोघांना एकाच बाकावर बसवून मलमपट्टी केली, पोराच्या हाताला प्लास्टर घातलं. भांडण झालं, एवढंच दोघांनी सांगितलं. मग रात्रीच्या गाडीनं परत.

त्या गाडीत धोंडबानं पोराला जे सांगितलं, त्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. म्हणाला, "रव्या, तू तिले माराले नाही गेला. मी गेलो होतो. तुले समजलं, म्हणून तू आदल्या राती गाडीत बसला, तिले सांगाले. मी विमानानं तुह्या आधी पोचलो. तू आला, मले अडवलं, म्हणून मी तुहा हात मोडला. असं झालं."

रविंद्रनं म्हणे तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी बोललो. गोदामात हे ऐकून माझं डोकं फिरलं. "काहून गा?" मी म्हणालो. "जीव वाचवला पोरीचा, तोंड भाजून घेतलं, अन् पाप आपल्या नावावर करून राहिला? तिले खरं सांग."

"मी किती दिवसाचा?" तो म्हणाला. "पोरगी बापाले भेली तं भेऊ द्या. भावाले भेली तं तिचं माहेर कोण? भाऊबीजेले कोणाकडे येईन ते?" मग म्हणाला, "हिशोब तं तोच आहे मधुकरराव. रव्या आदल्या राती निघाला, मी सकायी. विमान आधी पोचते. कोण कायले गेलता ते गाडीले माहीत नाही न विमानाले माहीत नाही."

खरंच होतं. तीच रात्रीची गाडी, तेच सकाळचं फॉकर, तेवढंच अंतर, तेवढाच वेळ. मारणारा आणि वाचवणारा यांची नुसती अदलाबदल केली तरी सगळं जिथल्या तिथं बसत होतं. मी कितीदा तरी तपासून पाहिलं, कुठे फट सापडत नव्हती. टोळीनं सत्तूरचं ऐकलं होतं, पण धोंडबाच्या भीतीनं कोणी तोंड उघडणार नव्हतं. उरली रुखमाबाई. तिला त्यानं रविंद्रच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती रडली, नवऱ्याला चार शिव्या दिल्या, आणि घेतली. पुढे केशवच्या आईकडून वच्छलेशी निरोपाची वाट उघडली, तेव्हा रुखमाबाईनंच तिला सांगितलं की तुला तुझ्या भावानं वाचवलं.

यानंतर धोंडबा सुधारला असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. महिनाभरात कामावर आला आणि तोंडावरचे डाग बघून हसणाऱ्या एका पोर्टरला त्यानं ट्रॉलीला बांधून उन्हात ठेवला. तोंडाची डावी बाजू गुळगुळीत, लाल, ताणलेली झाली होती. रविंद्रनं प्लास्टर स्वतःच वेळेआधी कापून काढलं, म्हणून त्याचा हात वाकडा जुळला. पण त्याच्यातली रग गेली. पुढे त्यानं सायकलचं दुकान टाकलं, लग्न केलं, पोरं झाली.

एकोणसत्तरच्या दिवाळीला वच्छला पहिल्यांदा आली. केशव तिला दारापर्यंत सोडून आपल्या आईकडे इंदोऱ्याला गेला. त्यानं त्या घराचा उंबरा कधी ओलांडला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. तिची एकच अट होती, बाप घरात नको. धोंडबा आधीच निघून गोदामात येऊन बसलेला होता. तेव्हापासून दर भाऊबीजेला हेच. ती घरी, तो पेट्यांवर. तिनं भावाच्या वाकड्या हातासाठी राखीही पाठवायला सुरुवात केली.

हे मी दहा वर्षं पाहिलं. दर वर्षी माझा संताप वाढत गेला. कारण रविंद्र आता ती गोष्ट नुसती सहन करत नव्हता, सांगायला लागला होता. आधी खाली मान घालून, मग तपशील भरून. पानठेल्यावर, लग्नात. आपण काझीपेठला गाडी रखडल्यावर कसे तळमळलो, बहिणीसाठी कसा नवस बोललो. मला वाटतं त्याला स्वतःला ते खरं वाटू लागलं होतं. आणि बाप तिकडे गोदामात थंड पुऱ्या खातो आहे.

अठ्ठ्याहत्तरच्या भाऊबीजेला मी ठरवलं, पुरे. शपथ मी घेतलेली नव्हती. धोंडबाला गोदामात बसवून मी सायकल काढली आणि त्याच्या घरी गेलो, सरळ तिला सांगायला.

ओसरीवर सगळे बसले होते. ओवाळून झालं होतं, ताटं मांडलेली. वच्छलेनं मला पाहून चांगला कान माझ्याकडे केला, "या मधुकरकाका," म्हणाली. विमान गेलं की कडी लावायचे ते तिचे दिवस, ते तिनं मला त्याच दिवशी सांगितलं, हसत हसत, एखादी जुनी आजारपणाची गोष्ट सांगावी तसं. "इतकी घाई होती बाबाले मले माराची," ती म्हणाली, "गाडीची वाट पाहणं झालं नाही. विमान केलं." तिची दोन्ही पोरं मामाच्या अंगावर चढली होती. "मामा, आजोबा करून दाखव," म्हणत होती. रविंद्र उठला. मान खांद्यात घातली, हात पसरले, दारावर खोटी लाथ मारली आणि घोगऱ्या आवाजात गरजला, "वच्छले, दार उघड!" पोरं खिदळली. वच्छला इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि हसता हसता तिनं भावाचा तो वाकडा हात धरला.

मी तोंड उघडलं. रुखमाबाई ताट वाढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा वळत नसलेल्या बोटांचा हात माझ्या पानावर करंजी धरून थांबला होता. मी करंजी घेतली, खाल्ली आणि निघालो.

गोदामात शिरलो तर धोंडबा उभा होता. माझी सायकल कुठल्या दिशेनं गेली हे त्याला कळलं होतं. काही बोलायच्या आत त्यानं माझा गळा धरला आणि पेट्यांच्या ओळीवर दाबला. साठीचा माणूस, पण माझे पाय जमिनीला लागेनात.

"सांगतलं?"

मला बोलता येईना. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं, खरं असल्याची खात्री केली आणि सोडलं. मी खोकत खाली बसलो. त्यानं स्वतःच्या तांब्यातलं पाणी मला दिलं.

"कशी आहे?"

"बरी आहे. हसून राहिली होती."

"कायले?"

मी सांगणार नव्हतो. पण गळा दुखत होता, राग होता, आणि तो काढायला दुसरं कोणी नव्हतं. "रव्या तुही नक्कल करून राहिला होता," मी म्हणालो. "दारावर लाथ मारून ओरडतो ते. पोट्टेबी हसून राहिले होते."

त्यानं माझ्या हातातला तांब्या परत घेतला. मग त्यानं विचारलं, "चांगली करते का?"

"हुबेहूब," मी म्हणालो.

तेव्हा तो हसला. त्या चेहऱ्याला हसणं झेपत नसे, डावीकडची कातडी ताणली जाऊन डोळ्यातून पाणी येई. ते त्यानं बंडीच्या बाहीनं पुसलं आणि उरलेल्या पेट्या उचलायला गेला.